गावाकडून सोलापुरात बी.एस्सी.ला येताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: गाव अक्कलकोट तालुक्यातलं, बारावी सायन्स झालेली, सोलापुरात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश पक्का. घरी कन्नड, दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावी-बारावीला पुस्तकं इंग्रजी पण शिकवणं मराठीतच. आता रोज एसटीनं ये-जा करावी की खोली घ्यावी, इंग्रजीचं कसं होणार, ओळखीचं कुणी नाही तर मैत्री कशी जमणार, रॅगिंग होतं का, आणि लॅपटॉप लागतोच का?

आधी न विचारलेल्या गोष्टीबद्दल सांगतो, कारण तिची मुदत सगळ्यांत आधी संपते. ती म्हणजे कागदपत्रं. पहिल्या वर्षाची मुलं अभ्यासात जेवढी अडतात त्याहून जास्त, वेळेवर विचारलं नाही म्हणून अडतात. शाळेत फी राहिली, फोटो राहिला तर वर्गशिक्षक चार वेळा आठवण करून द्यायचे. कॉलेजात बोर्डावर नोटीस लागते, फार तर तिचा फोटो ग्रुपवर पडतो, आणि तारीख निघून जाते. यात कुणाचा तुझ्यावर राग नसतो. एकेका क्लार्ककडं शेकड्यानं मुलं असतात, एवढंच.

मूळ टीसी आणि मार्कशीट जमा करण्याआधी प्रत्येकाच्या पाच झेरॉक्स काढ आणि स्कॅन करून मोबाइलवर ठेव. टीसी एकदा ऑफिसच्या कपाटात गेली की ती सहजासहजी बाहेर येत नाही. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास ही कामं अक्कलकोट तहसीलची, म्हणजे तुझ्या गावाकडची. कॉलेज सुरू व्हायच्या आत ती उरकून घे, नाहीतर एका दाखल्यापायी ऐन सुरुवातीचे तास बुडतात. उत्पन्नाचा दाखला 31 मार्चपर्यंतच चालतो, तेव्हा अकरावीत काढलेला फाइलमध्ये आहे म्हणून निर्धास्त राहू नको.

आता नावाचं बघ. तुमच्या भागात हे हमखास होतं: वडिलांचं नाव सिद्धप्पा, दहावीच्या सर्टिफिकेटवर त्याचं इंग्रजी स्पेलिंग एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. कुठं एक एच जास्त, कुठं एक पी कमी. मराठीत वाचताना फरक कळतही नाही, पण पोर्टलला तो दिसतो. दहावीचं सर्टिफिकेट हा मूळ कागद धर आणि आधार, बँक पासबुक आणि बारावीची मार्कशीट त्याच्याशी अक्षर न् अक्षर ताडून बघ. फरक असेल तर आधार आणि बँक दुरुस्त करून घे. दहावीचं बदलणं फार लांबचं काम. तुझी क्रेडिट्स, म्हणजे पास केलेल्या विषयांचे श्रेयांक, ज्या खात्यात जमा होतात तो बारा अंकी अपार किंवा एबीसी क्रमांकही आधारच्याच नावावर निघतो, त्यामुळं हा घोळ पुढं निकालापर्यंत पोचतो.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. खुल्या प्रवर्गातल्यांना वाटतं आपल्याला काही नाही. पण राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असलं की अर्ज करता येतो. अनुसूचित जातीच्या भारत सरकार शिष्यवृत्तीला मर्यादा 2.5 लाखांची. मुलींना सगळीकडं फी माफ, असं गावात सांगतात. ती 2024 ची घोषणा व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, साध्या बी.एस्सी.ला ती गृहीत धरायची नाही. तुझ्या प्रवर्गाला आणि कोर्सला काय लागू आहे ते प्रवेशाच्या आठवड्यातच शिष्यवृत्तीच्या खिडकीवर विचार. शासकीय वसतिगृहाचा अर्जही त्याच आठवड्यात कर. अनुसूचित जातीच्या ज्या मुलांना वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी राहण्या-जेवणाला पैसे देणारी स्वाधार योजना आहे. इतर मागास, भटक्या, आदिवासी मुलांसाठी तशाच वेगळ्या योजना आहेत.

अर्ज फसतो तो बहुतेक तीन ठिकाणी. पहिलं, कोर्सच्या यादीत सारखी दिसणारी दोन-तीन नावं असतात आणि मुलं पहिल्यावर टिचकी मारतात. ऑफिसातून नेमकं नाव लिहून घे. दुसरं, खातं. पैसे तू अर्जात लिहिलेल्या खात्यावर नाही, आधारशी डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी, जोडलेल्या खात्यावर येतात, आणि असं खातं एका वेळी एकच असतं. कुणी मोबाइलवर नवं खातं उघडून दिलं आणि त्याला आधार जोडलं की पैसे तिकडं वळतात. बँकेत जाऊन ‘आधार सीडिंग कुठल्या खात्याला आहे’ एवढंच विचारायचं. तिसरं आणि सगळ्यांत वाईट म्हणजे ‘सेंड बॅक’. कॉलेजनं किंवा विभागानं त्रुटी काढून अर्ज परत पाठवलेला असतो, आणि अर्ज भरला म्हणून मूल निवांत असतं. दर सोमवारी लॉगिन करून स्थिती बघ. दोन मिनिटांचं काम आहे.

एसटी की खोली, हा प्रश्न किलोमीटरवर सुटत नाही. अक्कलकोट ते सोलापूर सुमारे 40 किलोमीटर. पण तुझा वेळ मोजायचा तो घराच्या उंबऱ्यापासून वर्गाच्या दारापर्यंत: गावातून फाट्यापर्यंत, बसची वाट, बस, मग स्टँडवरून कॉलेजपर्यंत रिक्षा. एका बाजूला पावणेदोन तास लागत असतील तर दिवसाचे साडेतीन आणि महिन्याच्या 24 दिवसांचे 84 तास झाले. एका बाजूला तासाभरात पोचत असशील तर खुशाल ये-जा कर, घरचं जेवण आणि घरचं अंथरूण सोडू नको. दीड तासाच्या वर जात असेल तर खोलीच. मधल्या पट्ट्यात असशील तर एकच गोष्ट बघ: सकाळचं पहिलं प्रॅक्टिकल गाठणारी बस आहे का, आणि ती चुकली तर पुढची किती वेळानं आहे.

विद्यार्थ्यांच्या मासिक पासात एसटी 66.67 टक्के सवलत देते, म्हणजे एक तृतीयांश पैसेच भरायचे. मुलींना तिकिटात पन्नास टक्के सूट आहेच म्हणून बऱ्याच जणी पास काढत नाहीत. रोज जायचं असेल तर पासच स्वस्त पडतो. आठवड्यातून दोन-तीनदाच जायचं असेल तर अर्धं तिकीट. पाससाठी कॉलेजचं बोनाफाईड लागतं, तेव्हा पहिल्याच दिवशी त्याचा अर्ज टाक.

खोली बघायला जाशील तेव्हा मुलं भाडं विचारतात, भिंतीचा रंग बघतात. सोलापुरात आधी पाणी विचारायचं. इथं नळाला पाणी रोज येत नाही, भागाभागाप्रमाणे काही दिवसांच्या पाळीनं येतं. हिशोब असा घाल: एका माणसाला दिवसाला अंघोळीला 20 लिटर, संडासाला 25, कपड्यांना 15, भांडी-तोंड धुण्याला 5, पिण्याला आणि चहाला 5. झाले 70. खोलीत तिघं आणि पाणी चार दिवसांनी, म्हणजे 840 लिटर. आता मालकाला विचार, टाकी किती लिटरची आणि तिच्यावर किती खोल्या. दोन हजार लिटरच्या टाकीवर सहा खोल्या असतील तर तिसऱ्या दिवशी सकाळी बादल्या घेऊन भांडण ठरलेलं. बोअर असेल तर वापरायच्या पाण्याची चिंता मिटते; मात्र ते पाणी जड असतं, साबणाला फेस येत नाही आणि पिण्याचा जार वेगळा घ्यावा लागतो. तोही खर्चात धर. मालकाचं ऐकून घे, पण तिथं आधीपासून राहणाऱ्या एखाद्या पोराला खाली चहाला नेऊन विचार. तो खरं सांगेल.

दुसरं ऊन. वरच्या माळ्यावरची पत्र्याची खोली जुलैत स्वस्त आणि हवेशीर वाटते. मार्चपासून पारा चाळिशी गाठतो आणि नेमकी तेव्हाच दुसऱ्या सत्राची परीक्षा जवळ येते. स्लॅबचा सगळ्यांत वरचा मजलाही रात्री उशिरापर्यंत तापलेला राहतो. दोनशे-चारशे रुपये जास्त गेले तरी मधल्या मजल्याची, समोरासमोर खिडकी-दार असलेली खोली घे.

लाइट बिल वेगळं असेल तर सब-मीटर आहे का बघ आणि राहायला जाशील त्या दिवशी रीडिंगचा फोटो काढून मालकाला पाठव. पंखा 75 वॅटचा, सोळा तास चालला तर 1.2 युनिट, ट्यूब, चार्जर धरून तिघांच्या खोलीला दिवसाला दीड युनिट, महिन्याला 45 च्या आसपास. याच्या दुप्पट बिल येत असेल तर मीटरवर दुसरंही काहीतरी जोडलेलं आहे, शांतपणे विचार. डिपॉझिट रोख देऊ नको, यूपीआयनं दे, म्हणजे नोंद राहते. सोडताना किती दिवस आधी सांगायचं आणि डिपॉझिटमधून काय कापणार, हे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घे. पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायला मालक तुझा आधार मागेल, ते योग्यच आहे. झेरॉक्सवर ‘फक्त भाडेकरू नोंदीसाठी’ असं आडवं लिहून तारीख टाक.

कॉलेज सात रस्त्याकडं आणि खोली जुळे सोलापुरात, असं करू नको. शहर बस कमी आहेत, रिक्षात सीट मिळेपर्यंत वेळ जातो आणि दोन वेळचं रिक्षाभाडं महिन्याच्या शेवटी भाड्यातल्या फरकापेक्षा जास्त भरतं. चालत पंधरा-वीस मिनिटांच्या आत बघ.

मेस लावण्याआधी दोन दिवस पैसे देऊन जेवून बघ, त्यातला एक दिवस रविवार असू दे. खाड्याचा, म्हणजे न जेवलेल्या वेळेचे पैसे वळते करण्याचा, नियम विचार: किती वाजेपर्यंत सांगायचं, एक वेळचा खाडा धरतात की सलग तीन-चार दिवसांचाच. रविवारी संध्याकाळी बऱ्याच मेस बंद असतात. कडक भाकरी आणि शेंगाचटणी घरून आणून ठेवली की ती संध्याकाळ वडापाववर काढावी लागत नाही. दोन चादरी, एक बादली-मग, कुलूप दोन किल्ल्यांचं, टॉर्च, दोरी, नेलकटर, क्रोसिन आणि ओआरएसची पाकिटं. बाकी इथं सगळं मिळतं, ट्रंका भरून आणायची गरज नाही.

आता कॉलेज. नव्या शैक्षणिक धोरणामुळं पहिल्या वर्षाचं वेळापत्रक पूर्वीपेक्षा किचकट झालंय. मुख्य विषयांबरोबर ओपन इलेक्टिव्ह (आपल्या शाखेबाहेरचा, निवडून घ्यायचा विषय), कौशल्याचा विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानपरंपरा, शिवाय एनएसएस, एनसीसी किंवा खेळासारखा सहशालेय भाग, सगळ्यांची क्रेडिट्स. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे 15 तास, प्रॅक्टिकलचं 30. मुलं दोन क्रेडिटचे विषय बिनमहत्त्वाचे समजून सोडतात. नापास झालं की तेही चार क्रेडिटच्या विषयासारखंच मागं राहतं. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून तुझ्या वर्षाचा अभ्यासक्रम काढून प्रिंट घे आणि वहीच्या पहिल्या पानावर चिकटव. ओपन इलेक्टिव्ह निवडताना मित्रानं कुठला घेतला यापेक्षा तो तास कितीला आहे ते बघ. शेवटची बस चुकवणारा विषय वर्षभर छळतो.

पहिल्या आठवड्यात चार गोष्टी लिहून घ्यायच्या: आपली डिव्हिजन आणि रोल नंबर, प्रॅक्टिकलची बॅच, मेंटॉर, म्हणजे आपल्या गटाकडं लक्ष देणारे सर किंवा मॅडम कोण, आणि हजेरी कुठं लावतात. बॅच बदलून हवी असेल तर याच आठवड्यात एसटीच्या वेळेचं कारण लिहून विभागप्रमुखांना अर्ज दे. पुढच्या महिन्यात ते शक्य नसतं, कारण तोवर प्रयोगांचे गट पडलेले असतात. हजेरी 75 टक्के. सत्रात साधारण 90 दिवस शिकवणं धरलं तर बुडवायला 22 दिवसच हातात राहतात. गड्ड्याची यात्रा (सिद्धेश्वराची जत्रा), घरचं लग्न, पेरणी, ताप हे सगळं त्या बाविसात बसवायचं आहे. आजारी पडशील तर डॉक्टरांचा कागद परत आल्याच्या दुसऱ्याच दिवशी द्यायचा. सत्राच्या शेवटी आणलेल्या सर्टिफिकेटावर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये.

सायन्सची खरी मेख थिअरीत नाही, प्रॅक्टिकलात आहे. थिअरीचा पेपर पुन्हा देता येतो. गेलेलं प्रॅक्टिकल आणि इंटर्नलचे मार्क सहसा परत येत नाहीत. सही झालेलं जर्नल नसेल तर परीक्षेला दारात अडवतात. बारावीला प्रयोग कितपत झाले असतील याचा अंदाज आहे. बहुतेकांनी ब्युरेट, म्हणजे खाली तोटी असलेली मापाची उभी काचनळी, हातात धरलेलंच नसतं. म्हणून टायट्रेशनचं, म्हणजे एक द्रावण थेंबाथेंबानं दुसऱ्यात सोडून किती लागलं ते मोजण्याचं, उदाहरण घेऊ. ब्युरेट आधी पाण्यानं आणि मग जे द्रावण भरायचं त्याच द्रावणानं धुवायचं, नाहीतर आत राहिलेल्या पाण्यानं ते पातळ होतं. भरून झालं की फनेल काढून ठेवायचं. राहिलं तर त्यातून मागाहून थेंब गळतो आणि रीडिंग प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतं. नोझलमधला हवेचा बुडबुडा सुरुवातीलाच काढायचा. तो मधेच निघाला तर रीडिंग जास्त येतं. डोळा पातळीला ठेवून खालचा वक्र वाचायचा. पोटॅशियम परमँगनेटसारखं गडद द्रावण असेल तर वरची कड, कारण खालचा वक्र दिसतच नाही. पहिलं रीडिंग अंदाजाचं, मग 0.1 मिलीच्या आत जुळणारी किमान दोन येईपर्यंत करत राहायचं. आलेला आकडा थेट पेननं वहीत लिहायचा. शेजारच्याचं 9.6 आहे म्हणून आपलं 10.1 खोडून 9.6 करणारी पोरं तोंडी परीक्षेत पहिल्या प्रश्नाला उघडी पडतात.

इथंच विचारण्याची पद्धतही शिकून घे. ‘सर, मला काहीच येत नाही’ याला उत्तर देता येत नाही. ‘सर, ब्युरेट धुतलं, बुडबुडा काढला, तरी पहिलं रीडिंग 9.6 आणि दुसरं 10.1 येतंय’ असं म्हटलंस की सर तुझ्या टेबलाशी येऊन उभे राहतील आणि पिपेट कसं धरलंयस ते बघतील. काय केलं, काय आलं, कुठं अडलं, या क्रमानं बोल. लॅबमधल्या मामांशी नीट वाग, कुठलं फ्लास्क कुठं आहे आणि कुठल्या वजनकाट्याचा आकडा हलतो हे त्यांना सरांच्या आधी माहीत असतं. ऑफिसातही तसंच: महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आणि परीक्षा अर्जाच्या दिवसांत खिडकीवर झुंबड असते, दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर लगेच जा, अर्ज लिहूनच ने, आणि दिलेल्या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घे.

जर्नल त्याच दिवशी रात्री लिहायचं. एका प्रयोगाला चाळीस मिनिटं लागतात. दहा प्रयोग साठले की दोन रात्री जातात आणि सहीला रांगेत उभं राहावं लागतं ते वेगळं.

इंग्रजी. बी.एस्सी.चा पेपर इंग्रजीतच लिहायचा आहे, त्यातून सुटका नाही. पण त्यासाठी लागणारं इंग्रजी आणि मुलाखतीत फाडफाड बोलण्याचं इंग्रजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिल्या वर्षी फक्त पहिली हवी. क्लास लावायची घाई करू नको. आदल्या रात्री उद्याच्या घटकाची फक्त शीर्षकं आणि ठळक शब्द दहा मिनिटं वाच. तासाला इंग्रजी संज्ञा तशीच लिही आणि शेजारी समजलेलं मराठीत नाहीतर कन्नडमध्ये, ज्यात पटकन उतरेल त्यात. संध्याकाळी पुस्तक मिटून पाच वाक्यं इंग्रजीत लिही. ऑस्मोसिस घे. व्याख्या घोकण्याऐवजी तीन प्रश्न: द्रावक कुठून कुठं जातं, मधे काय असतं, ते कधी थांबतं. तिन्हींची साधी, छोटी वाक्यं लिहिलीस की उत्तर तयार. वाक्य सहा-आठ शब्दांपेक्षा लांब होऊ देऊ नको, चूक लांब वाक्यात होते. चित्राला नावं देणं, सूत्र आणि एकक लिहिणं यात इंग्रजी लागत नाही आणि मार्क मात्र पुरते मिळतात. जुन्या प्रश्नपत्रिका लायब्ररीत असतात. पहिल्याच महिन्यात दोन काढून बघ, म्हणजे कशासाठी लिहायचं ते कळतं. लायब्ररीचं कार्डही लगेच काढ, पाठ्यपुस्तकांच्या चांगल्या प्रती पहिल्या पंधरवड्यात संपतात.

घरी कन्नड बोलतोस किंवा बोलतेस याची लाज नको. हे शहरच तसं आहे. पूर्व भागात तेलुगू, कुठं कन्नड, कुठं दखनी, आणि मराठी सगळ्यांची. एकच पथ्य पाळ: घोळक्यात एखादा कन्नड न येणारा असेल तर मराठीत बोल. दोघं-तिघं आपल्या भाषेत हसायला लागले की चौथा उठून जातो, आणि त्याला आपल्यावरच हसतात असं वाटतं.

मैत्रीला पहिले तीन-चार आठवडे मोलाचे. तेव्हा सगळेच नवखे असतात, जो तो कुणीतरी बोलावं म्हणून वाट बघत असतो. नंतर घोळके घट्ट होतात. रोज एकाच बाकाच्या आसपास बस, म्हणजे तेच चेहरे भेटतात. प्रॅक्टिकलचा पार्टनर रोल नंबरनं ठरतो, ती सगळ्यांत सोपी ओळख. गाव कुठलं, बारावी कुठं, येतोस कशानं, एवढ्यावर सुरुवात होते. बुडलेल्या तासाच्या नोट्स मागणं आणि देणं यानं ओळख पक्की होते, पार्टीनं नाही. तालुक्यातली पोरं आपोआप एकत्र येतात. आधाराला ते चांगलं, पण नुसत्या त्यांच्यातच राहिलास की स्पर्धेची, शिबिराची, चांगल्या सरांची बातमी उशिरा पोचते. शहरातला निदान एक मित्र हवा. आडनाव ऐकून जात हुंगणारे भेटतील. त्यांच्याशी वाद न घालता विषय बदलायचा आणि जेवायला दुसऱ्यांबरोबर बसायचं.

मुला-मुलींनी एकमेकांशी बोलणं इथं रोजचंच आहे, त्याचा बाऊ करू नको. कुणाचा नंबर त्यांना विचारल्याशिवाय पुढं देऊ नये, फोटो न विचारता टाकू नये, आणि एकदा नाही म्हटल्यावर मित्रांकरवी पुन्हा विचारायला लावू नये. त्रास होत असेल तर कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असते. तिच्या सदस्यांची नावं आणि नंबर बोर्डावर लावलेले असतात, आधीच फोटो काढून ठेव.

रॅगिंगबद्दल. नाव-गाव विचारणं, कार्यक्रमात गाणं म्हणायला लावणं इथपर्यंत ठीक. तुझ्या इच्छेविरुद्ध काही करायला लावणं, जातीवरून, भाषेवरून, अंगावरून बोलणं, जर्नलं लिहून घेणं, पैसे उकळणं हे रॅगिंगच, ‘गंमत’ म्हणाले तरी. महाराष्ट्राचा रॅगिंगबंदी कायदा 1999 चा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, आणि दोषी ठरलेल्याला काढून टाकलं की पाच वर्षं दुसरीकडंही प्रवेश नाही. तक्रार आल्यावर प्राचार्यांनी सात दिवसांत चौकशी करायची असते. देशभराचा हेल्पलाइन क्रमांक 1800-180-5522, नाव न सांगताही बोलता येतं. तक्रार तोंडी नको, तारीख, वेळ, जागा, कोण होतं असं लेखी दे. बहुतेक सिनियर जुन्या नोट्स देणारेच भेटतात, उगीच भिऊन त्यांना टाळू नको.

सापळे वेगळेच असतात. टपरीवर ‘घे रे थोडा’ म्हणून मावा सुरू होतो तो पहिल्याच महिन्यात, आणि सुपारी, तंबाखू, चुन्याचं ते मिश्रण दोन-तीन वर्षांत तोंड उघडणं कमी करतं. त्या टपरीवर चहा प्यायलाही उभं राहू नको, कारण नाही म्हणणं पहिल्या दिवशी सोपं असतं. मोबाइलवरच्या पैज लावायच्या ॲपमध्ये पहिल्यांदा जिंकवतात, हे ठरवून केलेलं असतं. ‘तुझं खातं वापरायला दे, महिन्याला पैसे देतो’ म्हणणारा भेटला तर तिथंच थांब: फसवणुकीचे पैसे त्यातून फिरवतात, पोलीस खातं गोठवतात, चौकशीला तुला बोलावतात आणि शिष्यवृत्तीही त्याच खात्यात अडकते. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन कर. मित्राला उसने द्यायचे तर परत न आले तरी मेसचं बिल अडणार नाही एवढेच.

मंडळ, मिरवणूक, वर्गणी हे सोलापूरच्या अंगात आहे. नाचायला जा, ढोल वाजव. मात्र हाणामारीच्या गुन्ह्यात घोळक्यातलं नाव म्हणून जरी एफआयआरमध्ये आलं, तरी पोलीस भरती, सैन्य, कुठलीही सरकारी नोकरी, पासपोर्ट, सगळीकडं चारित्र्य पडताळणीत ते वर येतं. वाद सुरू झाला की व्हिडिओ काढत थांबू नये, निघावं. गाडी आणणार असशील तर लायसन्स आणि विमा आधी. आणि लायसन्स नसलेल्या रूममेटला किल्ली द्यायची नाही. त्यानं कुणाला ठोकलं तर निस्तरायला गाडीमालक म्हणून तुलाच जावं लागेल.

घरची आठवण येणारच. दर शनिवारी पळालास तर इथं कधीच रुळत नाही, आणि महिनाभर गेलाच नाहीस तर दुसऱ्या महिन्यात अंथरूण सोडवत नाही. एक आड एक आठवडा बरा. जेवण जात नाही, झोप लागत नाही, वर्गात जावंसं वाटत नाही असं सलग दोन आठवडे चाललं तर मेंटॉरशी बोल, किंवा 14416 ला फोन कर. मनाच्या त्रासासाठीची सरकारची मोफत सेवा आहे, मराठीत बोलता येतं. सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे. तिथं जाण्यात लपवण्यासारखं काही नाही.

लॅपटॉपचं सांगायचं तर, साध्या बी.एस्सी.ला पहिल्या सत्रात तो लागत नाही. जर्नल हातानं, नोट्स हातानं, आणि लागला तर कॉलेजची संगणक लॅब आहे. कॉम्प्युटर सायन्स घेतलं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा 16 जीबी रॅम आणि 512 जीबी एसएसडी बघ, चकचकीत ग्राफिक्स कार्डासाठी जास्त पैसे मोजू नको. विकत घेण्याआधी शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता खात्यात आलाय का बघ. हप्त्यावर घेतलेला लॅपटॉप आणि न आलेली शिष्यवृत्ती, या दोघांत मेसचं बिल थकतं.